जूनचे ७१ मिलिमीटर आणि ऑगस्टचे ६८: एका नाल्याचा हिशोब

"पाऊस तर जूनमध्ये जास्त होता ना भाऊ, मंग तवा नाला कोरडा कसा राह्यला? अन् ऑगस्टात एवढा कुठून आला?"

यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात ग्रामसभेपुढे हा प्रश्न आला. विचारणारे कास्तकार नाल्याकाठचे. ऑगस्टच्या त्या रात्री पांदण रस्त्यावरच्या रपट्याची, म्हणजे नाला ओलांडायच्या ठेंगण्या पुलाची, एक बाजू कापली गेली, नाल्याने वाट सोडली आणि दोन्ही काठांची सोयाबीन व पऱ्हाटी मातीसकट खरडून नेली. काही वावरांत खालचा मुरूम उघडा पडला. जूनच्या मोठ्या पावसात याच रपट्यावरून बैलगाड्या चालल्या होत्या.

गावाने उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. वरच्या शिवारात एक पाझर तलाव आहे. त्याचं पाणी कुणीतरी रातोरात सोडलं, किंवा सांडवा फोडला, असं लोक उघड बोलत होते. दोन गावांतलं बोलणं बंद होण्याच्या बेतात होतं. म्हणून ग्रामपंचायतीने आम्हा पाणलोटाचं काम करणाऱ्यांना विचारलं: पाणी पावसाचं होतं की सोडलेलं, हे सांगता येईल का? आणि रपटा पुन्हा बांधायचा तर किती मोठा बांधायचा?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच हिशोबात आहे. पडलेल्या पावसातलं किती पाणी जमिनीत मुरलं, किती वाहिलं आणि जे वाहिलं ते किती वेळात रपट्याशी पोचलं, एवढंच काढायचं होतं.

आधी तलाव पाहिला, कारण संशय तिथे होता. पाणी सोडलं असतं तर पातळी सांडव्याच्या उंबऱ्याखाली गेली असती. घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेले फोटो गावातल्याच पोरांच्या मोबाइलमध्ये होते. त्यांत पाणी उंबऱ्याला लागून संथ वाहत होतं, सांडव्याचं दगडी काम शाबूत होतं आणि पाळीला कुठे खांड नव्हतं. तलाव पावसाच्या आधीच काठोकाठ होता, त्यामुळे वरून जेवढं आलं तेवढं त्याने जसंच्या तसं पुढे दिलं. पाणी त्याने सोडलं नाही, पण अडवलंही नाही. जूनमध्ये मात्र हाच तलाव रिकामा होता आणि त्याच्या वरच्या ७० हेक्टरांचं पाणी त्याच्या पोटात राहिलं. हे गावाला पटायला वेळ लागला नाही. अवघड भाग पुढे होता.

पाऊस नेमका किती पडला, यावरच वाद होता. महसूल मंडळाचा स्वयंचलित मापक गावापासून ११ किलोमीटरवर आहे. त्याने ऑगस्टच्या त्या रात्री ४१ मिलिमीटर नोंदवले. गावच्या शाळेत साधा नळकांडी पर्जन्यमापक आहे. गुरुजी तो रोज सकाळी साडेआठला वाचतात आणि वहीत लिहितात. त्या वहीत ६८ होते. विदर्भातला ऑगस्टचा रात्रीचा पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो. एका शिवारात मोटेने ओतल्यासारखा, तर पाच किलोमीटरवर नुसती भुरभुर. ११ किलोमीटरवरचा आकडा चुकीचा नसतो, तो तिथला असतो. तरी सरकारी निकष मंडळाच्या मापकावर चालतो. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं तर अतिवृष्टी. म्हणजे ४१ आणि ६८ मधला फरक केवळ जलशास्त्राचा नाही, तो कास्तकाराच्या पंचनाम्याचा आहे. शाळेची वही जपून ठेवणाऱ्या गुरुजींचे उपकार त्या गावावर आहेत, असं मी मनापासून म्हणतो. आम्ही ६८ धरले. जूनच्या पावसाचे वहीतले आकडे ७१.

वहीतली आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरली. जूनच्या त्या दिवसाआधीच्या पाच दिवसांत थेंबही नव्हता. ऑगस्टच्या रात्रीआधीच्या पाच दिवसांत ९, २२, ०, ३१ आणि १४, एकूण ७६ मिलिमीटर पडले होते. झड लागली होती, डवरणी थांबली होती, वावरात वाफसा नव्हता.

आता पाणलोट. रपट्याच्या वरचं क्षेत्र ३३० हेक्टर. त्यातली २०० हेक्टर काळी भारी जमीन, वरून खाली सरळ तासांनी पेरलेली. ६० हेक्टर मध्यम जमीन, तिथले धुरे आणि बांधबंदिस्ती बऱ्या स्थितीत. ५० हेक्टर झुडपी जंगल, बेसाल्टवरच्या उथळ मुरमाड जमिनीचं. उरलेली २० हेक्टर म्हणजे गावठाणाची कड, कच्चे रस्ते आणि पायवाटा.

हिशोबाला कर्व्ह नंबरची पद्धत घेतली. अमेरिकेच्या मृद संधारण खात्याने १९५० च्या दशकात ती रूढ केली. आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयाने १९७२ च्या जलशास्त्र पुस्तिकेत भारतीय जमिनींसाठी तिचे तक्ते दिले आणि आजही पाणलोटाच्या आराखड्यांत तेच वापरले जातात. जमिनीचा गट आणि तिच्यावर काय आहे यावरून १०० च्या आतला एक आकडा मिळतो. आकडा जितका मोठा तितकं पाणी जास्त वाहणार. भारी काळी जमीन सर्वांत कमी मुरवणाऱ्या ड गटात मोडते. सरळ तासांच्या पेरणीला तिथे ९३ मिळतात. क गटातल्या चांगल्या बांधबंदिस्तीच्या जमिनीला ७६, झुडपी जंगलाला ६४, कच्च्या रस्त्यांना ९० धरले. क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी काढली तर ८५ येते.

इथे थांबलो असतो तर उत्तर उलटं आलं असतं. ८५ हा मध्यम ओलाव्याचा आकडा. तो दोन्ही पावसांना लावला तर जूनमध्ये जवळपास ४० मिलिमीटर वाहायला हवे होते आणि ऑगस्टमध्ये ३७. म्हणजे जूनचा पूर मोठा. गावाने डोळ्यांनी पाहिलं ते याच्या बरोबर विरुद्ध. अनेक आराखड्यांत हाच मधला आकडा एकदा घालून पुढे जातात आणि त्यावर सांडवे, पाइप, बांध ठरतात. मला ही पद्धत धोक्याची वाटते.

जमीन आधी किती भिजलेली होती, यावर हा आकडा बदलावा लागतो. पेरणीआधीच्या काळात मागच्या पाच दिवसांचा पाऊस साधारण १३ मिलिमीटरच्या आत असेल तर जमीन कोरडी धरतात. पीक उभं असताना तोच पाऊस ५३ च्या वर गेला तर ती ओली. जूनची आपली जमीन कोरडी, ऑगस्टची ओली. कोरडीला ८५ चे ७१ होतात, ओलीला ९३.

या आकड्यातून जमिनीची पाणी धरण्याची कमाल क्षमता मिळते: २५४०० ला कर्व्ह नंबरने भागा आणि २५४ वजा करा. जूनमध्ये ती १०४ मिलिमीटर, ऑगस्टमध्ये जेमतेम १९. त्याच वावरांची, दोन महिन्यांच्या अंतराने.

यापुढची पायरी काळ्या जमिनीच्या मुलखात फार जपून घ्यावी लागते. पाणी वाहू लागण्याआधी जमीन काही पाऊस गिळते. अमेरिकेतल्या मूळ पद्धतीत तो क्षमतेच्या दोन दशांश धरतात. आपल्या पुस्तिकेने कोरड्या काळ्या जमिनीला तीन दशांश सांगितलं, आणि ओली होऊन भेगा मिटलेल्या काळ्या जमिनीला फक्त एक दशांश. एप्रिल-मे महिन्यात कन्हार, म्हणजे भारी काळ्या जमिनीच्या भेगांत ज्याने हात घालून पाहिला आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

जूनमध्ये ३१ मिलिमीटर असेच गिळले गेले आणि उरलेल्यातून वाहिले सुमारे ११. ऑगस्टमध्ये पहिले दोन मिलिमीटर गेले की जमिनीने हात वर केले. ६८ पैकी ५१ वाहिले. ३३० हेक्टरांवर एक मिलिमीटर म्हणजे ३३ लाख लिटर. जूनचं पाणी ३ कोटी ६६ लाख लिटर, ऑगस्टचं जवळपास १७ कोटी. पाऊस तीन मिलिमीटरने कमी, पाणी साडेचार पटींहून जास्त.

सरासरीचा आकडा न लावता चारही प्रकारच्या जमिनींचा हिशोब वेगवेगळा करून मग बेरीज केली, तर ऑगस्टचं उत्तर फारसं हलत नाही: ५१ चे ५२ होतात. जूनचं मात्र ११ वरून २१ च्या पुढे जातं. कारण कोरड्या दिवसांत झुडपी जंगल काहीच सोडत नाही, मध्यम जमीन सव्वा मिलिमीटर सोडते आणि भारी जमीन एकटी ३३ सोडते. सरासरीत हा फरक बुजून जातो. तर मग खरं कोणतं, ११ की २१?

लोक नाला कोरडा होता म्हणतात, पण खोदून विचारल्यावर कळलं की पहाटे त्यात पोटरीभर पाणी होतं आणि दुपारपर्यंत ओसरलं. हे ११ च्या जवळचं आहे. उरलेलं पाणी बहुतांशी भेगांत गेलं असावं, असा माझा अंदाज. चौरस मीटरमागे दोन मीटर लांबीची भेग, तोंडाशी तीन सेंटिमीटर रुंद, साठ सेंटिमीटर खोल आणि खाली निमुळती होत गेलेली, एवढं धरलं तरी तिच्या पोटात १८ मिलिमीटर पाऊस मावतो. वर बखरणी झालेली असेल तर भेगांची तोंडं ढेकळांनी झाकलेली दिसतात, पण पाणी ढेकळांमधून आत जातंच. कोणताही तक्ता या भेगा मोजत नाही. म्हणून जूनच्या आकड्यावर मी पैज लावणार नाही. ऑगस्टच्या आकड्यावर लावेन, आणि रपटा ऑगस्टसाठीच बांधायचा असतो.

भारी जमिनीचा हा स्वभाव मोजून पाहिलेला आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या काळ्या जमिनीवर पहिल्या अर्ध्या तासात तासाला ७५ मिलिमीटरच्या आसपास वेगाने पाणी मुरतं, दुसऱ्या तासात तो वेग चारावर येतो आणि काही दिवस सतत भिजल्यावर तासाला ०.२ मिलिमीटरच्या आसपास उरतो. आम्ही सप्टेंबरच्या उघडिपीत गावात पाणी मुरण्याचा वेग मोजणारी दुहेरी कड्याची चाचणी घेतली, आतलं कडं ३० सेंटिमीटरचं आणि बाहेरचं ६० चं. भारी वावरात स्थिर झालेला वेग तासाला तीन मिलिमीटरच्या घरात आला, झुडपी जंगलात पंचविसाच्या. ऑगस्टचा पाऊस लोकांच्या सांगण्याप्रमाणे रात्री एक ते साडेतीन, अडीच तास पडला. तेवढ्या वेळात भारी जमिनीत आठ मिलिमीटर मुरले असतील. त्या जमिनीचा कर्व्ह नंबरचा हिशोबही ६८ मधून ६० वाहिले म्हणतो, म्हणजे आठ आत गेले. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर एका जागी आलं.

ओल्या-कोरड्या जमिनीचा हा भेद आपल्याकडे नवा नाही. स्ट्रेंज नावाच्या अभियंत्याने १८९२ मध्ये मुंबई इलाख्यासाठी जे तक्ते दिले, त्यांत दिवसाच्या पावसापुढे कोरडी, दमट आणि ओली जमीन असे वेगळे रकाने होते. तो सव्वाशे वर्षांहून जुना रकाना आजच्या संगणकी आराखड्यांत गळून पडतो, याचं मला वाईट वाटतं.

एकूण पाणी कळलं तरी रपटा तुटला तो पाण्याच्या जोराने. त्यासाठी एका सेकंदाला किती पाणी आलं ते हवं. नाल्याची सर्वांत लांब वाट २,९०० मीटर, उतार त्या लांबीत ३८ मीटरचा. किर्पिचच्या सूत्राने टोकाचं पाणी रपट्याशी पोचायला ४८ मिनिटं लागतात. पाणी वेळेबरोबर कसं चढतं-उतरतं त्याचा आलेख (जलालेख) त्रिकोणी धरून ऑगस्टचा कळस सेकंदाला २० घनमीटर निघतो. जूनचा पाऊस दुपारपासून रात्रीपर्यंत आठ तास रेंगाळत पडला होता. त्याचा कळस १.७ च्या आसपास. बारा पटींचा फरक आहे तो. वरच्या भागात नाल्याचं खोलीकरण झालं तेव्हा त्याची वळणंही सरळ झाली. पाण्याची वाट आता आधीइतकी रेंगाळणारी नाही, त्यामुळे ४८ मिनिटांचा आकडा प्रत्यक्षात कमीच असेल.

हा २० चा आकडा कागदावरचा आहे, म्हणून तो नाल्यातही तपासला. रपट्याच्या बराच वर, जिथे फुगवटा पोचत नाही अशा एका सरळ टप्प्यात, बाभळींना अडकलेल्या काडीकचऱ्याच्या रेषा दोन्ही काठांवर मिळाल्या. तिथे नाला नऊ मीटर रुंद, पाणी सरासरी सव्वा मीटरपेक्षा किंचित कमी खोल, उतार हजारी सहा. गवत-झुडपांचा खडबडीतपणा धरून मॅनिंगच्या सूत्राने सेकंदाला १८ घनमीटरच्या आसपास आले. २० आणि १८ एवढे जवळ असताना वरून कुणी पाणी सोडलं असं मानायला जागाच उरत नाही. पावसाने आणि भिजलेल्या जमिनीने पुरेसं पाणी दिलं होतं. मंडळाच्या मापकाचे ४१ मिलिमीटर धरले असते तर वाहिलेलं पाणी २६ मिलिमीटरवर, म्हणजे निम्म्यावर आलं असतं, आणि उरलेल्या निम्म्याचा आळ वरच्या गावावर गेला असता.

आता रपट्याकडे. पांदण रस्ता भराव घालून उंच केलेला, खाली ९०० मिलिमीटर व्यासाचे दोन ह्यूम पाइप. दोन्ही मोकळे असले तर मिळून सेकंदाला साडेतीन घनमीटर काढतात. जूनचं पाणी त्यातून सहज गेलं. ऑगस्टमध्ये पाइपांच्या ताकदीच्या जवळपास सहापट पाणी आलं, त्यात धुऱ्यावर रचलेल्या मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या वाहून आल्या आणि पाइपांची तोंडं बुजली. उंच रस्ता धरणाची भिंत झाला. पाणी तुंबलं, वर चढलं आणि भराव जिथे मऊ होता तिथून, काठाच्या वावराच्या बाजूने, बाहेर पडलं.

ग्रामसभेत सर्वांत जास्त चर्चा झाली ती उपायावर. काही जणांचं म्हणणं होतं की वर बांधबंदिस्ती आणि उताराला आडवी पेरणी केली की पूर आपोआप कमी होईल, रपट्यावर पैसे कशाला घालायचे. मी स्वतः आडव्या पेरणीचा आणि सोयाबीनच्या रुंद वरंबा-सरीचा आग्रह धरणारा माणूस आहे. तरी हा हिशोब गावापुढे ठेवणं भाग होतं. सगळी २०० हेक्टर भारी जमीन उत्तम आडव्या पेरणीखाली आणली तर तिचा आकडा ९३ वरून ८६ वर येतो. कोरड्या जूनमध्ये त्या जमिनीवरून वाहणारं पाणी ३३ वरून १३ मिलिमीटरवर येतं, म्हणजे निम्म्याहून खूप जास्त बचत. तेच ओल्या ऑगस्टमध्ये ६० चं ५२ होतं. पूर्ण पाणलोटाचं पाणी नऊ टक्क्यांनी घटतं, फार तर. तुडुंब भिजलेल्या जमिनीला आणखी पाणी पाजता येत नाही. आडवी पेरणी करायचीच, ती मातीसाठी आणि खंड पडलेल्या पावसात ओल टिकवण्यासाठी. पण रपटा वाचवायचं काम तिच्यावर सोपवू नये.

मग रपट्याची मापं काढली. पाइप वाढवत नेण्यापेक्षा रस्ताच नाल्याच्या जागी खाली घ्यायचा आणि वरून पाणी जाऊ द्यायचं. हा बुडता रपटा पऱ्हाट्यांनी बुजत नाही. १८ मीटर लांबीचा खोलगट भाग ७० सेंटिमीटर पाणी वरून वाहताना सेकंदाला १८ घनमीटर नेतो, पाइप धरून २१ च्या वर. ऑगस्टसारखी रात्र निभावली. पण ६८ मिलिमीटर हा काही या भागातला मोठ्यात मोठा पाऊस नव्हे. ओल्या जमिनीवर ११० मिलिमीटर तेवढ्याच वेळात पडले तर ९२ वाहतात आणि कळस ३६ च्या पुढे जातो. त्याला २५ मीटर लांब आणि ८५ सेंटिमीटर खोल वाट लागते. आम्ही २५ मीटरची शिफारस केली, दोन्ही टोकांना दगडी पिचिंग आणि खालच्या अंगाला पाण्याचा मार सोसणारा काँक्रीटचा पट्टा धरून.

एका बाईंनी उभं राहून विचारलं, "दादा, मंग पोरायनं शाळेत कसं जावं, वरून पाणी चालू असन तं?" प्रश्न रास्त होता. ८५ सेंटिमीटर वाहत्या पाण्यातून माणूस जाऊ शकत नाही, गाडीही नाही. हिशोबाप्रमाणे एवढं पाणी दोन-तीन तास राहील, मग झपाट्याने उतरेल. उंच पूल बांधला तर हा त्रास नाही, पण त्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचा. शेवटी २५ मीटरचा बुडता रपटा, त्याच्या कडेला खोलीच्या खुणांचे रंगवलेले खांब आणि गावठाणाच्या बाजूने पायी जाणाऱ्यांसाठी अरुंद लोखंडी साकव, असा प्रस्ताव ठरला. साकवाची उंची पुराच्या रेषेवर एक मीटर ठेवायची, कारण वाहून येणारी झाडं पाण्याच्या वर डोकं काढून येतात.

वरच्या गावाचे दोघे जण त्या सभेला आले होते. तलावाच्या सांडव्याजवळ पातळीची पट्टी बसवायची आणि पावसाळ्यात दोन्ही गावांनी ती सकाळी एकत्र वाचायची, ही सूचना त्यांनीच मांडली. शाळेतल्या मापकाचं वाचनही आता झड लागली की रोज दोनदा होणार आहे, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला, आणि वहीत पावसाच्या आकड्याशेजारी मागच्या पाच दिवसांच्या बेरजेचा एक नवा रकाना आखला आहे. बेरीज ५३ च्या वर गेली की नाल्याकाठच्या वावरांतल्या मोटारी आणि जनावरं वर हलवायची, हे गावाने ठरवलं आहे.